पल्याडचा

ज्याच्या सगळ्या कामात तारेचा एक तुकडा नाही, त्या माणसाला अख्खी गल्ली तारवाला म्हणायची. आरमाराच्या बिनतारी ठाण्यात तो नोकरीला लागला तेव्हा सासऱ्यानं चारचौघांत सांगून टाकलं, जावई तारेच्या खात्यात आहे. सासऱ्याचं बोलणं दुरुस्त कोण करणार? नाव पडलं ते पडलंच. पुढं बायको तारवाली झाली, दार तारवाल्याचं दार झालं आणि गल्लीत कुणाकडचे दिवे गेले की लोक त्याच दारावर थाप मारायला लागले. तो बिचारा उठून जायचा, जिच्यातलं ओ की ठो कळत नाही अशा विजेच्या पेटीपुढं मान वाकडी करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "वरनंच गेलीय." बहुतेक वेळा ती वरनंच गेलेली असायची, म्हणून त्याची अब्रू राहिली.

त्याचं खरं काम ऐकायचं होतं.

बंदराच्या डोक्यावर एक बोडकी टेकडी. टेकडीवर उंच खांब आणि खांबाच्या बुडाशी दोन खोल्या. एकीत साहेब बसायचे, दुसरीत यंत्र आणि तारवाला. यंत्र हिरव्या रंगाचं. त्याच्या मोठ्या बटणाचा रंग तारवाल्याच्या बोटांनी झिजून आतलं पितळ उघडं पडलं होतं. खुर्चीवर बायकोनं जुन्या चादरीची शिवून दिलेली उशी. खिडकीतून सगळं बंदर दिसायचं. धक्का, दोर अडकवायचे लोखंडी खुंट, आपल्या आरमाराच्या करड्या बोटी आणि त्यांच्या पुढं नुसतं पाणी. पाण्याच्या पल्याड दुसरा देश. तो कधी दिसला नाही. ऐकू मात्र रोज यायचा.

ह्या दोन देशांचं म्हणजे सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखं होतं. भांडण असं नाही, पण रस्त्यात समोरासमोर आले तर दुसरीकडं बघायचं. मग एकदा मधल्या पाण्यात मालाची एक बोट बुडायला लागली. ह्यांना वाटलं ते जातील, त्यांना वाटलं हे जातील. दोघांचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, हा पाहुणा तळाला गेला. त्यानंतर दोन्ही आरमारांची मोठी माणसं एका टेबलाशी बसली, बरंच काही ठरवून उठली. ठरलेल्या सगळ्यात एक गोष्ट अगदी बारकी होती. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ह्या किनाऱ्यानं त्या किनाऱ्याला बिनतारीवरून हाक मारायची. सांगायला काही असो वा नसो. अडीनडीला धावायचं तर वाट रोजच्या पायाखालची पाहिजे, एवढाच त्यातला मतलब. ठाण्यावर त्याला नुसतं 'हाक' म्हणत.

हाकेवर पहिल्या दिवसापासून तारवाला बसला. पल्याडही पहिल्या दिवसापासून एकच गडी.

नाव सांगायची मुभा नव्हती. ठाण्याला खुणेचं नाव असायचं, माणसाला नाही. बोलायचं ते ठरीव इंग्रजीत, दर्यावरच्या सगळ्यांना घोकून घेतात ती. मी कसा ऐकू येतो? स्वच्छ. समुद्र असा आहे, वारा तसा आहे, आमच्याकडं कुणी अडचणीत नाही. तुमच्याकडं? नाही. संपलं. त्या इंग्रजीत बुडता माणूस वाचवता यायचा, पण जेवलास का हे विचारता यायचं नाही.

आणि आवाज काय होता पल्याडच्याचा. भरल्या विहिरीत घागर बुडावी तसा खोल, न घसरणारा. एकेक शब्द असा टाकायचा की पेरणाऱ्यानं तिफणीतून दाणा सोडावा, न कमी न जास्त. वादळात यंत्र खरखरायला लागलं की बाकीच्यांचे आवाज फाटायचे, पल्याडच्याचा तेवढा सरळ यायचा. असा आवाज ठेवायला छाती केवढी लागेल, ह्या हिशेबानं तारवाल्यानं मनात त्याचा देह उभा केला. उंचापुरा, रुंद, जाड मिशा, दारातून येताना मान जरा वाकवणारा. कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं.

माणूस रोज ऐकला की शब्दांच्या मागचंही ऐकू यायला लागतं. पल्याडच्याला सर्दी झालेली तारवाल्याला त्याच्या बायकोआधी कळत असावी. एकदा आठवडाभर पल्याडनं कुणीतरी भलताच बोलला, पोपटासारखा भरभर. आठवड्यानं जुना आवाज परत आला तेव्हा शब्द तेच होते, पण प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा. घरातलं कुणीतरी गेलेलं आहे, तारवाल्यानं ओळखलं. बहुतेक आई. विचारणार कसं? त्या दिवशी समुद्र शांत आहे हे वाक्य त्यानं शक्य तितकं हळू म्हटलं. पल्याडच्यानं ते परत म्हणून दाखवायला सांगितलं. असं त्यानं कधी केलं नव्हतं. तारवाल्यानं परत म्हटलं, समुद्र शांत आहे.

घरी ह्या सगळ्याचा बोभाटा व्हायचाच. दिवसभर कान ताणून आलेला माणूस उंबरा ओलांडला की कान खुंटीला टांगून ठेवायचा. बायकोनं सांगितलेलं मीठ यायचं नाही, नळाचं फडकं बदललं जायचं नाही. ती म्हणायची, "सवत बरी. निदान दिसते तरी. जाऊन झिंज्या तरी उपटता येतात. ह्या पाण्यापलीकडच्या मिशीवाल्याचं मी काय करू?"

"मिशी तुला कुणी सांगितली?"

"तुम्हीच. झोपेत."

झोपेत आपण आणखी काय सांगतो, हे विचारायची त्याला छाती नव्हती.

एकदा मात्र हाकेचं चीज झालं. दुपारच्या वाऱ्यात मासेमारीची बोट भरकटली, तिचं यंत्र बंद पडलं आणि ती नेमकी मधल्या पाण्यात, ना ह्यांच्या ना त्यांच्या. तारवाल्यानं ठरलेली वेळ नसताना हाक मारली. पहिल्याच हाकेला पल्याडच्यानं ओ दिली, जणू कधीचा तिथंच टपून बसला होता. मग दोघांनी मिळून दिवस मावळेपर्यंत ती बोट धरून ठेवली. हा सांगायचा वारा कुठं वळला, तो सांगायचा आमची बोट कुठवर पोचली. तहान लागली तरी दोघांतल्या कुणी खुर्ची सोडली नाही. शेवटी माणसं सापडली, सगळी, ओली आणि शिव्या देणारी. पल्याडच्यानं ठरलेली सगळी वाक्यं म्हटली. 'संपलं' तेवढं म्हटलं नाही. बोलायची कळ दाबलेली तशीच ठेवली. त्या उघड्या राहिलेल्या वाटेनं तारवाल्याला पल्याडची खोली ऐकू आली. कुरकुरणारा पंखा. कुणीतरी चमच्यानं पेला ढवळत होतं. खुर्ची मागं सरकली आणि एक माणूस भलामोठा श्वास सोडून गप्प बसला. इकडं तारवालाही गप्प. साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यानं बोट ओठावर ठेवलं. साहेबांना बोट दाखवलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

त्या दिवसापासून त्याला एक खूळ लागलं. हा माणूस एकदा बघायचा. जास्त काही नको. खांद्यावर हात ठेवावा, मिशी बघावी, बास. पण आरमाराच्या कारकुनासारख्या माणसाला पाण्यापलीकडं कोण धाडतो? तो वाट बघत राहिला. केस पिकले, उशीची चादर दोनदा बदलली.

मग एका सकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब त्याच्यापेक्षा वयानं लहान, कामाला वाघ, पण त्याला काका म्हणायचे. त्यांनी दोन बातम्या एकदम सांगितल्या. समुद्राभोवतीच्या सगळ्या देशांची आरमारं एक होऊन मोठी कवायत करणार होती आणि शेवटी सगळ्या बोटी ह्याच बंदरात येणार होत्या. ही चांगली. दुसरी अशी, की कवायतीनंतर नवी व्यवस्था सुरू होणार. प्रत्येक ठाण्यात एक पडदा. कुणाची बोट कुठं आहे, कोण अडचणीत आहे, सगळ्यांना सगळं एका वेळी दिसणार. हाक मारायची गरज उरली नाही. हाक बंद.

"बुडणाऱ्याच्या दृष्टीनं बघा काका," साहेब म्हणाले.

तारवाल्यानं बुडणाऱ्याच्या दृष्टीनं बघितलं. त्या दृष्टीनं ते शंभर हिश्श्यांनी बरं होतं. हे त्याला मनापासून पटलं, तीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

"आणि काका, त्यांच्या बोटीवरनं त्यांच्या ठाण्यातली माणसंही येणार आहेत. तुमचा गडी असणार त्यात."

तारवाला खोलीत परत आला आणि यंत्र पुसायला लागला. ते आधीच पुसलेलं होतं.

बोटी यायच्या आधीचे दिवस बायकोनं त्याची यथेच्छ टर उडवली. केस कापून आला तर म्हणाली, लग्नाला ह्याच्या निम्मे तरी कापायचे होते. शर्टाला दोनदा इस्त्री केली तर म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा कॉलर उसवलेली होती, आठवतं का. पण बुटांना पॉलिश तिनंच केलं. मिशीवाल्याला द्यायला काहीतरी न्या म्हणून तिनं एक लोकरी गळपट्टाही विणला होता. चांगला रुंद, धिप्पाड माणसाच्या मापाचा.

कवायत संपली, बोटी आल्या. धक्का करड्या लोखंडानं भरून गेला. सगळ्या देशांचे झेंडे, सगळ्या देशांचे गणवेश आणि सगळ्या देशांच्या शिट्ट्या. संध्याकाळी एका मोठ्या बोटीच्या माथ्यावर ताडपत्रीचा मांडव ताणून पाहुण्यांचा मेळावा होता. ट्रेमधून सरबत फिरत होतं. साहेब मोठ्या लोकांच्या घोळक्यात अडकले. तारवाला गळपट्ट्याची पुडी काखेत मारून एकटाच हिंडायला लागला.

त्याची शोधायची तऱ्हा त्याच्या धंद्याची होती. तो बघत नव्हता, ऐकत होता. एका घोळक्यापाशी जायचा, पाठमोरा उभा राहायचा, दोन-चार आवाज कानाखालून घालायचा आणि पुढं सरकायचा. लोकांना वाटलं असेल म्हातारा सरबतासाठी घुटमळतोय. आवाजानं काही हाती लागेना, तेव्हा त्यानं डोळ्यांनी बघितलं, आणि लगेच सापडला. पल्याडच्या गणवेशातला, उंचापुरा, मिशा अशा की लिंबू ठेवावं. पुढं जाऊन त्यानं दोन्ही हातांनी त्या माणसाचा हात धरला आणि ठरीव इंग्रजीत विचारलं, मी कसा ऐकू येतो?

त्या माणसाचा आवाज चिमणीसारखा निघाला. तो त्यांचा डॉक्टर होता. म्हाताऱ्याची कानांची तक्रार आहे असं समजून त्यानं तिथल्या तिथं तारवाल्याचे दोन्ही कान वाकून तपासले, आणि उत्तम आहेत म्हणून खुणेनं सांगितलं.

पडल्या तोंडानं तारवाला कठड्याशी येऊन उभा राहिला. तिथं आणखी एक जण उभा होता. बुटका, टकला, नाकावर चष्मा, अंगातला पल्याडचा गणवेश थोरल्या भावाचा मागून आणल्यासारखा ढगळ. तारवाल्यानं त्याला विचारून बघितलं, तुमच्या बिनतारी ठाण्याचा माणूस कुठं आहे? बुटक्यानं तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. ओठ थरथरले, गळ्याची शीर फुगली, एक डोळा मिटला, कपाळाला घाम आला. एक अक्षर काही बाहेर पडेना. मग त्यानं स्वतःच्या छातीवर बोट टेकवून टकटक केलं.

तारवाल्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. हा वाढपी असणार, मी बघतो, मी आणतो म्हणतोय. बिचारा मुका दिसतो. त्यानं मान हलवली आणि आपल्या हातातला रिकामा पेला त्याच्या हातात दिला.

बुटक्यानं पेल्याकडं बघितलं. मग तारवाल्याकडं बघितलं. आणि पेला घेऊन हळूहळू चालत आत निघून गेला.

घरी बायको दारातच होती. काखेतली पुडी तशीच आलेली तिनं बघितली. जेवायला एक भाकरी जास्त वाढली.

सकाळी शेवटची हाक होती. पल्याडची बोट धक्क्यालाच लागलेली, त्यामुळं हाक तिच्यावरनंच येणार होती. दोन्हीकडची बडी मंडळी ऐकायला बसणार, मग कागदावर सह्या, मग पडदे सुरू. तारवाल्यानं कळ दाबली आणि हाक मारली. खिडकीतून खालची ती करडी बोट हाताच्या अंतरावर दिसत होती, आणि तिच्यातून तो आवाज आला. विहिरीतली घागर. स्वच्छ, खोल, एकाही शब्दाला न अडखळणारा. समुद्र शांत आहे. वारा मंद आहे. आमच्याकडं कुणी अडचणीत नाही. तुमच्याकडं?

तारवाल्यानं सांगितलं, नाही. त्याच्या नोकरीतली ही पहिली खोटी खबर असावी.

संपलं, म्हणाला पल्याडचा. शेजारच्या खोलीत टाळ्या वाजल्या.

तारवाला यंत्र बंद करत होता तेव्हा साहेब आत आले. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. "काका, काल भेट झाली का हो तुमची? त्यांचा कप्तान आत्ता सांगत होता, तुमच्यासाठीच तुमचा गडी पोरगी बघायला आल्यासारखा सजून आलेला. बोलताना फार अडखळतो म्हणे. समोर माणूस आला की शब्द फुटत नाही. यंत्रावर बसला की मात्र असा. कठड्याशी उभा होता बघा, बुटका, चष्मेवाला."

तारवाला खुर्चीत बसला. मग उठला. पुन्हा बसला. "मी त्याला उष्टा पेला दिला साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "बोट दुपारी सुटतेय. निघा तुम्ही."

टेकडी उतरताना त्याचं वय त्याच्या गुडघ्यांत बोलत होतं. बायकोचा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, धक्क्यावर दोर सोडणाऱ्या टोळीचा मुकादम होता. सुटणाऱ्या बोटीचे दोर खुंटावरनं काढून पाण्यात टाकायचे, हे त्याचं काम. दाजी धापा टाकत आलेले बघून त्यानं विडी टाकली.

"सुटली का?"

"दोर माझ्या हातात आहेत दाजी. काय ते सांगा."

तारवाल्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मेहुण्यानं हसू दाबलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "शेवटचा दोर भिजून फुगलाय. खुंटावरनं निघता निघत नाही. आता असल्या दोराला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. त्याला कोण काय करणार?" दोर खडखडीत वाळलेला होता.

बोटीची शिडी अजून लावलेली होती. पहाऱ्यावरच्या शिपायाला तारवाल्यानं माणसाचं नाव सांगावं तर नाव ठाऊक नाही. त्यानं पल्याडच्या ठाण्याचं खुणेचं नाव सांगितलं, तीनदा, हाकेत म्हणायचा तसं. शिपाई आत गेला. थोड्या वेळानं बुटका शिडीवरनं खाली आला आणि समोर उभा राहिला.

आता झाली का पंचाईत. आयुष्यभर बघायचा होता तो माणूस हातभर अंतरावर उभा, आणि बोलायचं काय? ठरीव इंग्रजीत माफी मागायला शब्द नाही. समुद्रात माफी कोण मागतो? पण त्यात एक शब्द आहे, चुकीची खबर गेली तर म्हणायचा. दुरुस्ती. मागचं रद्द समजावं. तारवाला तो शब्द म्हणाला. त्यानं तो दोनदा म्हटला.

बुटक्याचा चेहरा हलला. तो हसला असावा, पण मग त्याला बोलायचं होतं. तोंड उघडलं, ओठ थरथरले, शीर फुगली, डोळा मिटला. तारवाल्याला ते बघवेना. ज्या माणसाचा आवाज वादळात कधी फाटला नाही, त्याचं हे असं. काय करावं ते सुचेना. आणि मग हातापायांनाच सुचलं म्हणायचं. तो वळला, त्या माणसाकडं पाठ केली, नजर टेकडीवरच्या खांबावर लावली आणि रोजच्या सपाट, सावकाश आवाजात हाक मारली. आधी त्याच्या ठाण्याचं नाव, मग आपल्या ठाण्याचं. मी कसा ऐकू येतो?

मागं वाळूवर बूट फिरल्यासारखा आवाज झाला. त्यानंही पाठ केली होती. पाठीला पाठ लागली. त्याची पाठ तारवाल्याच्या खांद्याखालीच संपत होती.

"स्वच्छ," मागनं आवाज आला. तोच.

धक्क्यावरचे लोक काम सोडून बघायला लागले. दोन म्हातारे पाठीला पाठ लावून उभे, एक टेकडीशी बोलतोय, दुसरा समुद्राशी. मेहुण्यानं टोळीकडं बघून दरडावलं, "काय बघताय? बिनतारी आहे ते."

समुद्र कसा, वारा कसा, सांगून झालं. कुणी अडचणीत नाही हेही सांगून झालं. ठरीव इंग्रजी संपली. आणि मागचा आवाज थांबला नाही. तो त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलायला लागला.

तारवाल्याला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. पण आवाज कसा चालला होता. एकदा धरलेला ओघ तुटला नाही. कुठं खाली गेला, कुठं जरा थांबला, एके ठिकाणी त्यात हसू मिसळलं, पुढं एके ठिकाणी तो इतका हळू झाला की पाठीतूनच ऐकावा लागला. हा माणूस यंत्राशिवाय एवढं लांब आयुष्यात कधी कुणाशी बोलला नसेल. मध्येच तारवाल्याच्या ठाण्याचं खुणेचं नाव आलं. ते एक कळलं. पुन्हा एकदा आलं. मग आवाज थांबला.

आता ह्यानं ओ द्यायची होती. बिनतारीवरच्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. कळलं नाही तर कळलं म्हणायचं नाही. भिडेखातर म्हणायचं नाही, घाईत म्हणायचं नाही. त्यातनं माणसं मरतात. तारवाल्याचा आवाज सरळ आला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

पल्याडच्यानं श्वास घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. तेवढंच, त्याच ओळीनं. हसू त्याच जागी आलं. हळू त्याच जागी झाला. बोटीचा भोंगा झाला, वरनं कुणीतरी ओरडलं, तरी त्यानं शेवटपर्यंत सांगितलं. मग तो वळून निघाला. शिडीपाशी जाताना तारवाल्यानं त्याच्या हातात पुडी कोंबली. शिडी वर गेली. मेहुण्यानं भिजलेल्या दोराशी आणखी थोडी झटापट केली. वरनं शिव्या यायला लागल्या तेव्हा सोडला.

बोट फिरली तेव्हा कठड्याशी तो दिसला. गळपट्टा त्याच्या गळ्याला तीन वेढे होऊनही गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. तो स्टुलावर बसला. ती म्हणाली, "भेटला?"

"भेटला."

"मिशी?"

"नाही. बुटका आहे. तुझ्या खांद्याला लागेल."

"आणि मी मेली एवढा गळपट्टा विणला." तिनं शेंग मोडली. "काय म्हणाला?"

"कळलं नाही. दोनदा सांगितलं त्यानं."

"मग तिसऱ्यांदा विचारायचं."

"बोट सुटली."

मग तो गप्प बसेल असं तिला वाटलं. पण तो बोलायला लागला. पल्याडच्यानं जे सांगितलं होतं ते, त्याच्या भाषेत, जसं कानात राहिलं होतं तसं. अर्थ ठाऊक नसलेलं सगळं, चढउतारासकट, थांबण्यासकट. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. एवढा वेळ हा माणूस घरात कधी बोलला नव्हता. शेवटी शेवटी कुठंतरी त्याला एक जागा सापडेना, तिथं तो अडला, मागं गेला, पुन्हा आला आणि पुढं गेला.

"हे कुणाला तरी विचारा ना," ती म्हणाली. "बंदरावर तो दुकानदार आहे बघा, बोटींना सामान पुरवतो तो. त्यांच्या बोटी येतात त्याच्याकडं. त्याला ती भाषा येते म्हणतात."

"जातो," तो म्हणाला.

आणि गेलाही. पुढच्याच आठवड्यात गेला. दुकानात गर्दी नव्हती, दुकानदार मोकळा होता, काय देऊ म्हणून विचारत होता. तारवाल्यानं साबणाची वडी घेतली आणि परत आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, पुन्हा साबण. जाताना वाटभर तो ते बोलणं मनात म्हणायचा, एक अक्षर सांडू नये म्हणून. येतानाही म्हणायचा. ठाण्यात आता पडदा होता, त्यावर सगळ्या देशांच्या बोटी हिरव्या ठिपक्यांनी हिंडायच्या, आणि नव्या पोरी खुर्चीवर बसून ते बघायच्या. तारवाल्याला शेजारच्या खोलीत कागदांचं काम दिलं होतं. सकाळी हाकेच्या वेळेला तो खुर्ची सोडून खिडकीशी जायचा आणि ओठ हलवायचा. पोरींना वाटायचं, देवाचं म्हणतोय.

न्हाणीघरातली फळी भरली तेव्हा बायकोनं एका दिवशी त्याला वाटेत धरलं.

"जन्माला पुरेल एवढा साबण झाला," ती म्हणाली. "एक तर त्याला विचारा, नाहीतर दुसरं काहीतरी आणा."

पुढच्या खेपेला त्यानं मेणबत्त्या आणल्या.